ताटल्यांचं भाडं

माझा संबंध फक्त ताटल्यांशी.
चाळीस टेबलं, टेबलाला आठ माणसं,
चिकट भाताच्या वेताच्या डब्या वेगळ्या,
आणि फुटलेल्या ताटलीचे पन्नास बाट.
हे आधी बोललेलं बरं असतं,
कारण लग्नात लोक नाचतात.

मांडव रोई-एतहून आला, बर्फ ट्रकभर.
दोन डुकरं पहाटे चारलाच गेली,
नऊ भिक्खूंचं जेवण अकराच्या आत उरकलं.
नवरा नॉर्वेचा. तोरलाइफ.
गावाच्या जिभेवर त्याचा 'लुंग तो' झाला,
लुंग म्हणजे काका, आणि ते खरंच होतं,
साठीचा माणूस, गुडघे वाजतात,
भाड्याच्या रेशमी धोतरात तो असा बसला
जशी घडीची खुर्ची कोणी उलटी उघडावी.

तो अविवाहित आहे
या एका कागदाचाच खर्च म्हणे केवढा!
वकिलातीत शपथ, बँकॉकात भाषांतर,
त्यावर शिक्का, शिक्क्यावर शिक्का.
आमच्याकडे अविवाहित माणूस नुसता दिसतो.

वाटेत सोनसाखळ्या आडव्या धरून पोरं उभी,
चांदीचं दार, सोन्याचं दार,
दर दाराला पाकीट.
तिसऱ्या दाराशी त्याचे खिसे संपले,
मग हसत हसत मेहुण्यानंच त्याला उसने दिले
आणि त्याच मेहुण्यानं ते घेतले.

मग लाल कापड अंथरलं.
नोटांचा पंखा करून मांडला, तीन लाख,
बाजूला पाच बाट सोनं
(आमच्याकडे पैसाही बाट, सोन्याचं वजनही बाट,
फरांग लोक इथेच पहिल्यांदा गोंधळतात).
यातले अर्धे संध्याकाळी त्याच्याच खात्यात परत जाणार
हे सगळ्या गावाला माहीत,
म्हणून कोणी बोलत नाही.

मुखियानं माइकवर समजावलं,
हे मुलीची किंमत नव्हे हो,
ही आईच्या दुधाची भरपाई.
भाच्यानं ते इंग्रजीत सांगितलं.
लुंग तोनं मान हलवली,
वीजबिल बरोबर आलं की हलवावी तशी.

मी तेव्हा सूपाच्या पातेल्यामागे वाट्या पुसत होते.

सुनिसा एक्केचाळीस दिवसांची होती
तेव्हा बुआलाय बँकॉकला गेली, बांधकामावर,
विटा वाहायला. तिचं दूध तिकडेच
सिमेंटच्या पोत्यांमागे वाळलं असणार.
इकडे माझा थोंगदी त्याच महिन्यातला.
एका बाजूला तो, एका बाजूला ती.
ती चावायची. अजून आठवतं.
अठरा महिने.
त्याबद्दल कोणी काही मागितलं नाही,
मीही नाही.
दुधाचा हिशोब ठेवायला मी काय डेअरी आहे?

पैसे मोजले. दोन हजार जास्त निघाले,
निघायलाच हवेत, तसा रिवाज,
पैसा वाढला असं सगळ्यांनी म्हणायचं.
त्यावर तीळ, मूग, साळीच्या लाह्या.
मग गाठोडं खांद्यावर घेऊन
बुआलायनं वाकायचं, आणि ओरडायचं, किती जड, किती जड!
ती वाकली. ओरडली.
लोक हसले.
हसण्यातून तिनं इकडे पाहिलं,
पातेल्याच्या वाफेतून, क्षणभर,
आणि आत जाताना खरंच ठेचकाळली.

रात्री मो लाम चाललं, पोरं टेबलांवर चढली,
लुंग तोच्या मनगटावर इतके दोरे
की त्याला घड्याळ सापडेना.

बुआलाय दुसऱ्या दिवशी आली, अनवाणी.
मी भाड्याचा आकडा सांगितला.
तिनं पाकीट पुढे केलं, फार फुगलेलं.
मी म्हटलं, हे जास्त होतंय.
ती म्हणाली,
फुटलेल्यांचे धरून.
आणि लगेच वळली,
भाताची डबी एक राहिलीय वाटतं, बघते,
असं काहीतरी बोलत.

मी बसून ताटल्या मोजल्या.
मग पुन्हा मोजल्या, उन्हं कलेपर्यंत.
तीनशे वीस.
एकीचा टवकाही उडाला नव्हता.